तीनदा इन्स्टॉल केलं तरी "नॉट रेकग्नाइज्ड"

शनिवारी कोपरखैरण्याला ताईकडे गेलो, खरं तर जेवायलाच, पण चपला काढायच्या आत भाची लॅपटॉप घेऊन समोर. "मामा, पायथन तीनदा इन्स्टॉल केलं, तरी काळ्या कमांड विंडोत पिप टाकलं की नॉट रेकग्नाइज्डच म्हणतंय." पायथन ही तिची प्रोग्रामिंगची भाषा, आणि पिप म्हणजे त्यात जास्तीची पॅकेजेस आणून टाकणारी कमांड. सोमवारी प्रॅक्टिकल. आणि नुसतं पायथन टाइप केलं तर एररसुद्धा नाही, सरळ मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतंय.

मी आधी फक्त पीवाय ही दोन अक्षरं टाइप केली, म्हणजे पायथनसोबत येणारा, त्याला शोधून चालू करणारा छोटा प्रोग्राम, तो विंडोजला सापडतो. व्हर्जन आलं! म्हणजे पायथन घरातच आहे, विंडोजला पत्ता माहीत नाही एवढंच. कमांड दिली की ते काही अख्खा सी ड्राइव्ह धुंडाळत बसत नाही, चालू फोल्डर आणि पाथ नावाच्या यादीतले फोल्डर बघतं, तिथे नाही मिळालं की हात वर. ताईच्या सोसायटीच्या वॉचमनसारखं, रजिस्टरमध्ये नाव नाही तर "असं कोणी राहत नाही", मग तुम्ही गॅलरीतून कितीही हात हलवा. इन्स्टॉलरच्या पहिल्याच स्क्रीनवर खाली "ॲड टू पाथ"चा चौकोन असतो, त्यावर टिक आपण करायची असते, पण घाईत कोण बघतंय (मी पण त्यातलाच).

मग स्टार्टमध्ये एन्व्हायर्नमेंट टाइप करून आपल्या अकाउंटचे व्हेरिएबल उघडले, पाथ, एडिट, न्यू. फोल्डर दोन टाकायचे, एक पायथनचा आणि एक त्याच्याच आतला स्क्रिप्ट्स, कारण पिप त्या दुसऱ्यात असतं. आणि दोन्ही उचलून यादीतल्या विंडोजॲप्सच्या (स्टोअर उघडणारं ते नकली पायथन याच फोल्डरात असतं) वर न्यायचे, नाहीतर ते स्टोअर परत डोकं वर काढतं.

एवढं करून मोठ्या रुबाबात पिप टाइप केलं. तोच एरर. ताई कुकर उतरवता उतरवता हसली. पाच मिनिटं स्पेलिंग तपासत बसलो आणि मग ट्यूब पेटली, काळी विंडो जुनीच होती की! उघडताना तिला यादीची जी झेरॉक्स मिळते तीच ती बंद होईपर्यंत वापरते, मागाहून रजिस्टरमध्ये काहीही लिहा. नवीन उघडली, चाललं. व्हीएस कोडमध्येही (ती कोड त्याच ॲपमध्ये लिहिते) तेच, नुसतं टर्मिनल बंद करून भागलं नाही, अख्खा व्हीएस कोड बंद करून उघडला.

कॉलेजच्या लॅबमध्ये सेटिंगला हात लावू देत नाहीत म्हणाली, तर म्हटलं तिथे पीवाय डॅश एम पिप असं लिही, पाथला हात लावायची गरजच नाही. वहीत लिहून घेतलं तिने. तोवर आमटी दोनदा गरम करून झाली होती.