जिप्सीच्या पुढच्या बाजूचे आवाज: तीन गेले, एक उरला

ब्रेक दाबल्यावर येणारा ‘ठक’ गेला. खड्ड्यातली करकर गेली. गाडी जागेवर असताना स्टिअरिंग फिरवलं की पायाखाली जाणवणारी टकटकही गेली. साठ-पासष्टच्या वेगात एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग थरथरतं, तेवढं बाकी आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मारुतीची जिप्सी किंग, २००७ ची. पुढे-मागे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), पुढे अखंड अ‍ॅक्सल, पॉवर स्टिअरिंग नाही, लिफ्ट नाही (गाडी उंच केलेली नाही), टायर २१५/७५ आर १५. पावसाळाभर मुळशी-ताम्हिणीकडच्या चिखलात आणि ओढ्यांत फिरली आहे, त्यामुळे आवाज आले याचं नवल नव्हतं. सगळे एकदम आले, ही खरी कटकट.

अशा गाडीत आवाजाची जागा कानाने शोधायला जाऊ नये, या मतावर मी आता ठाम आहे. डाव्या शॅकलमधला (पाट्याचं टोक चासीला टांगणारी कडी) आवाज चासीतून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातून, फिरून ड्रायव्हरच्या पायाखाली ऐकू येतो. त्यामुळे ‘कुठून येतो’ हे सोडून ‘काय केल्यावर येतो’ एवढंच वहीत लिहीत गेले. गाडी सपाट जागी रांगत पुढे नेऊन ब्रेक, मग रिव्हर्समध्ये ब्रेक. इंजिन बंद ठेवून जागेवर स्टिअरिंग डावं-उजवं. स्पीडब्रेकरवर तिरकं जाऊन एकेक चाक चढवणं. शेवटी मोकळ्या मातीत पूर्ण लॉक मारून (स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून) गोल फेऱ्या, आधी टू-व्हीलमध्ये, मग फोर-व्हीलमध्ये. ही शेवटची चाचणी डांबरावर करू नका. जिप्सीला सेंटर डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नाही, कोरड्या रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये वळलं की ताण साठतो आणि धाडकन सुटतो. त्या आवाजाला घाबरून लोक चांगले सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारे सांधे) उघडून बसतात. माझ्या गाडीत मातीवर लॉक मारूनही चाकाच्या तालात कटकट आली नाही, म्हणजे जॉइंट सध्या ठीक.

त्याआधी सीटखालचा जॅक, पाने आणि टो-चेन बाहेर काढून एक चक्कर मारली. हसू नका, निम्मी खडखड तिथेच गेली.

गॅरेजवाले मामा म्हणाले, “ताई, शॉक बदला, मग बघू.” खर्चाआधी खात्री हवी म्हणून पुढच्या दोन्ही शॉकची खालची टोकं सोडवून वर बांधली आणि सोसायटीच्या आवारातच हळू फिरवून पाहिलं. ठक तसाच, करकर तशीच. शॉक निर्दोष सुटले.

ब्रेकच्या ठकची खूण अशी होती की पुढे जाताना ब्रेक लावला की एकदाच वाजायचा. पुन्हा पुढे नेऊन ब्रेक लावला तर गप्प. मध्ये रिव्हर्स घेऊन ब्रेक दाबला की परत हजर. म्हणजे काहीतरी एका बाजूला सरकून तिथेच थांबत होतं. पुतण्याला ब्रेक धरायला बसवलं, क्लच अलगद सोडत फर्स्ट आणि रिव्हर्समध्ये गाडी हिसकायला सांगितली. मी बाजूला उभी राहून मोबाईल काठीला बांधून अ‍ॅक्सलच्या पॅडपाशी (पाटे जिथे बसतात ती जागा) धरला, स्लो मोशनवर. (गाडी गिअरमध्ये असताना खाली कुणीही जायचं नाही, आणि एरवीही नुसत्या जॅकवर नाही. स्टँड आणि चाकाला ओट (अडकण), दोन्ही.) चित्रात उजव्या बाजूचा अ‍ॅक्सल पाट्यांवर जेमतेम मिलिमीटरभर सरकताना स्पष्ट दिसला. जवळ बॅटरी मारल्यावर यू-बोल्टच्या (पाटे आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) प्लेटभोवती गंजाची लाल भुकटी आणि मध्ये घासून चकाकलेली पट्टी. जिथे लोखंडावर लोखंड हलतं तिथे ही भुकटी असतेच. चिखल धुण्याआधी ती शोधा, प्रेशरने धुतल्यावर पुरावा वाहून जातो.

उघडल्यावर कारण कळलं. पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं एका बाजूने झिजलेलं, त्यामुळे पॅडच्या भोकात ढिलं, आणि यू-बोल्ट ताणले गेलेले. नाना पेठेतून सेंटर बोल्ट आणि चारही यू-बोल्ट नवे आणले. जुने यू-बोल्ट परत कसण्यात अर्थ नाही, एकदा ताणले की ते पकड धरत नाहीत. नवे कसताना आलटून-पालटून, तिरप्या क्रमाने, थोडेथोडे. नट आणि प्लेटवर मिळून पांढऱ्या मार्करची एक रेघ ओढून ठेवली आहे. चारपाचशे किलोमीटरनंतर पुन्हा कसायचे आहेत, रेघ तुटलेली दिसली तर त्याआधीच.

करकरीने जास्त छळलं, कारण पाण्यातून गाडी गेली की ती गायब व्हायची आणि वाळल्यावर परत यायची. ही रबराची चाल. पण पाटे एकमेकांवर घासूनही असाच आवाज येतो, म्हणून साबणाचं पाणी आधी फक्त पुढच्या शॅकलच्या बुशांवर (सांध्यातल्या रबरी नळ्यांवर) मारलं, पाटे कोरडे ठेवले. आवाज बंद. म्हणजे बुश. जिप्सीत पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला, बंपरच्या मागेच असतात. चिखल आणि दगड पहिल्यांदा तिथे लागतात. पहार घालून उचकल्यावर डावा शॅकल उघडउघड डुलत होता. रबर एका बाजूने पातळ होऊन बोल्ट जवळजवळ स्लीव्हला टेकला होता.

बुश बदलणं सोपं, फक्त गंजलेला बोल्ट निघेपर्यंत धीर हवा. महत्त्वाचं हे: शॅकलचे नट गाडी हवेत असताना पूर्ण कसू नका. गाडी चाकांवर उतरवा, दोनदा दाबून हलवा, मग कसा. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. आणि रबराला इंजिन ऑइल लावण्याचा जो सर्रास उपाय आहे तो मला मान्य नाही. आठवडाभर शांतता मिळते आणि रबर फुगून मऊ पडतं. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस.

स्टिअरिंगची टकटक लवकर सापडली. चाकं जमिनीवर, इंजिन बंद, पुतण्या स्टिअरिंग थोडंथोडं डावं-उजवं करतोय आणि मी एकेक जॉइंटवर तळहात ठेवतेय. डोळ्यांना न दिसणारी ढिलाई हाताला लगेच कळते. पिटमन आर्मकडचा (स्टिअरिंग बॉक्सचा दांडा) ड्रॅग लिंकचा (त्या दांड्यापासून चाकाकडे जाणारा रॉड) एंड, म्हणजे टोकाचा सांधा, हाताखाली टक्क करत होता. रॉड स्वतःभोवती थोडा फिरतो, तो दोष नाही. सॉकेटमध्ये आडवी हालचाल असेल तर एंड गेला. काढताना फोर्क ठोकून बूट (सांध्याचं रबरी आवरण) फाडण्यापेक्षा आर्मच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दोन हातोडे मारा, टेपर (निमुळती पिन) सुटतो. जुना एंड किती आटे आत होता ते मोजून नवा तेवढाच घातला. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत कसायचा, मागे घ्यायचा नाही. टाय रॉडला (दोन्ही चाकं जोडणाऱ्या रॉडला) हात लावला नाही त्यामुळे टो (चाकांचा आत-बाहेरचा कोन) बदलला नाही. स्टिअरिंग किंचित तिरकं बसलं होतं, ते ड्रॅग लिंकच्या लांबीतून सरळ केलं. त्याच वेळी स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट आणि त्याभोवतीची चासी ब्रशने घासून पाहिली. तडा नाही.

राहिली थरथर. टायर बॅलन्स करून झाले, फरक नाही. डावं चाक उचलून वर-खाली धरून हलवलं तर थोडा प्ले (ढिलाई) आहे. पुतण्याने ब्रेक दाबून ठेवला तरी तो तसाच राहिला. ब्रेकने हब आणि नकल (चाकासह वळणारा भाग) एक होतात, म्हणजे व्हील बेअरिंग नव्हे, किंग पिनची (नकल ज्यावर वळते ती पिन) बेअरिंग. नकलच्या सीलमधून ग्रीसऐवजी तपकिरी काला बाहेर येतोय, ओढ्यातलं पाणी आत गेलंय हे नक्की. किंग पिनच्या बेअरिंगवर मुळातला जो दाब असतो त्यानेच नकल आवरलेली राहते. तो गेला की टायरमधला बारीकसा दोषही स्टिअरिंग हलवायला पुरतो. नवा डँपर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा शॉक) टाकला तर थरथर दबेल, बेअरिंग मात्र आत खात राहील. म्हणून डँपर आत्ता घेत नाही, आणि काम होईपर्यंत हायवेही नाही.

पुढचं काम: दोन्ही बाजूंची वरची-खालची बेअरिंग आणि सील. मग सील न घालता, टाय रॉड सोडून, नकलच्या आर्मला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचं आणि किती जोर लागतो ते मॅन्युअलशी ताडून शिम (पातळ पत्रे) कमी-जास्त करायचे. शिम काढली की दाब वाढतो. खालची रेस (बेअरिंगचं बाहेरचं कडं) काढायला तुम्ही कोणता पुलर वापरलात, की सरळ वेल्डिंगचा टाका मारून आकसवून काढलीत, ते सांगा. पुढच्या रविवारी डावी बाजू उघडणार आहे.