मेनोरेहच्या डोंगरातलं जावानीज गाव : पोहोचणं, राहणं आणि जमिनीचा मोह

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या योग्यकर्ताला जाणारे बहुतेक जण बोरोबुदुर, प्रंबानन आणि मालिओबोरोचा बाजार करून बालीचं विमान पकडतात. शहराच्या पश्चिमेला कुलोन प्रोगो जिल्हा आहे आणि त्यात मेनोरेहची डोंगररांग. कोकाप, गिरिमुल्यो, सामिगालुह आणि कालिबावांग हे इथले डोंगराळ तालुके. नारळ, लवंग, साग, फणस, मातीची कौलं, अंगणात वाळत घातलेला कसावा. कोकणातल्या माणसाला पहिल्या वळणावरच घरी आल्यासारखं वाटतं, आणि नेमकी तिथेच गफलत होते. दिसायला सगळं ओळखीचं असलं तरी गावाचे नियम वेगळे आहेत.

भारतीयांना व्हिसा विमानतळावर उतरल्यावर मिळतो. ५ लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन), ३० दिवस, आणि आणखी ३० दिवसांची एकच मुदतवाढ. तोच व्हिसा घरून ऑनलाइन काढला तर रांग वाचते. पासपोर्टची किमान सहा महिने मुदत आणि परतीचं तिकीट लागतं. मुक्काम लांबला तर दिवसाला १० लाख रुपिया दंड, त्यात घासाघीस नाही. या व्हिसावर काम चालत नाही, आणि गावच्या शाळेत फुकट इंग्रजी शिकवणंही कामातच धरलं जाऊ शकतं. हौशी लोक इथे हमखास अडकतात.

पैशांचा हिशेब आधी डोक्यात बसवा. एका भारतीय रुपयाला साधारण १८० ते १९० रुपिया येतात. ‘रिबु’ म्हणजे हजार आणि ‘जुता’ म्हणजे दहा लाख. ‘जुता’ म्हणजे लाख असं समजून बोलणी करणारा दहापट चुकतो. तालुक्याच्या गावात एटीएम असतं, वर डोंगरात नसतं. यंत्रावर ५०,००० किंवा १,००,००० असं लिहिलेलं असतं, त्या नोटा आतून येणार. गावाला जाण्याआधी पन्नास हजारांचं यंत्र गाठावं, कारण लाखाची नोट मोडायला टपरीवाल्याकडे सुटे नसतात. कित्येक यंत्रं आधी पैसे देतात आणि कार्ड नंतर बाहेर काढतात. आपल्या सवयीने नोटा उचलून चालू पडलं की कार्ड आतच राहतं.

योग्यकर्ताचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ शहरापासून लांब, कुलोन प्रोगोतच तेमोनला आहे. शहरात जाणाऱ्याला हे अंतर नकोसं वाटतं, मेनोरेहला जाणाऱ्याच्या मात्र ते पथ्यावर पडतं. विमानतळाच्या आवारातूनच रेल्वे सुटते. ती योग्यकर्ताच्या तुगु स्थानकावर सुमारे चाळीस मिनिटांत पोचते, पण तिथपर्यंत जायची गरज नाही. साध्या गाडीने वातेसला उतरावं. जिल्ह्याचं ठिकाण हेच: बाजार, बँक, सरकारी रुग्णालय आणि सिमकार्डाची दुकानं सगळी इथे. डोंगरात तेल्कोमसेल या मोबाइल कंपनीची रेंज त्यातल्या त्यात बरी. परदेशी हँडसेट ९० दिवसांपेक्षा जास्त काळ स्थानिक सिमवर चालवायचा असेल तर त्याचा आयएमईआय क्रमांक विमानतळावरच कस्टमकडे नोंदवावा लागतो.

वातेसहून वर जायला ॲपवरची दुचाकी-टॅक्सी सहज मिळते. परतीला गावातून बोलावली तर कोणी येत नाही, कारण वर चालकच नसतात. म्हणून सोडणाऱ्याशीच परतीचं ठरवा, नाहीतर यजमानाच्या पुतण्या-भाच्याला पैसे देऊन खाली या. जुन्या मिनीबस जवळपास बंद पडल्या आहेत.

स्वतः दुचाकी भाड्याने घेणार असाल तर एकच गोष्ट नीट ऐका. शहरातली दुकानं ‘मातिक’ देतात, म्हणजे गिअर नसलेली स्कूटर. मेनोरेहच्या उतारावर तिला इंजिनचा अडसर फारसा मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर डिस्क तापते, ब्रेकमधलं तेल उकळतं आणि लिव्हर एकाएकी पोकळ लागतो. डोंगर उतरताना होणाऱ्या अपघातांचं हे नेहमीचं कारण आहे. म्हणून ‘बेबेक’ मागावी. बेबेक म्हणजे बदक, पण इथे ती पायाने गिअर बदलायची हलकी मोटरसायकल. उतार पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच उतरायचा. मातिकच मिळाली तर ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, दाबा, सोडा. जळका वास आला की थांबा आणि पंधरा-वीस मिनिटं डिस्क आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं तर ती वाकते. परवान्यावर दुचाकीची नोंद नसेल तर प्रवास विमा दावा फेटाळतो, हे निघण्यापूर्वीच तपासा.

नकाशाचं ॲप जवळची वाट म्हणून ‘चोर ब्लोक’वर नेतं. चाकांपुरत्या काँक्रीटच्या दोन पट्ट्या आणि मधे गवत, अशी ही वाट. पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, पट्ट्यांवर शेवाळ धरतं आणि दरडीही याच दिवसांत येतात. दोन मिनिटं वाचवायला तिकडे वळू नये. पेट्रोल टपरीवर बाटलीत मिळतं, पंपापेक्षा थोडं महाग. मे ते सप्टेंबर सगळ्यात सोयीचे. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे चांगलाच गारठा पडतो, त्याला इथे ‘बेदिदिंग’ म्हणतात. एक स्वेटर असू द्या.

गावात पोचल्यावर पहिलं काम म्हणजे एर्तेकडे जाणं. काही डझन घरांची एक रुकुन तेतांगा, म्हणजे शेजारसंघ, तिची आद्याक्षरं म्हणजे एर्ते. तिचा प्रमुख शेजाऱ्यांनीच निवडलेला असतो आणि त्यालाही ‘पाक एर्ते’ असंच म्हणतात. त्याच्या वर एर्वे, म्हणजे काही एर्तेंच्या गटाचा प्रमुख, मग वाडीचा प्रमुख दुकुह आणि सगळ्यांच्या वर गावाचा प्रमुख लुराह. पाहुण्याने २४ तासांच्या आत कळवावं, अशी पाटी कित्येक गल्ल्यांच्या तोंडाशी दिसते. होमस्टे असेल तर मालक कळवतो. तरीही पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाची प्रत घेऊन स्वतः जाऊन यावं. हा फक्त कागदाचा सोपस्कार नाही. उद्या गाडी घसरली, पाणी बंद झालं, घरमालकाशी वाजलं, की पहिला माणूस तोच.

भाषेचा धसका घेऊ नका. बहासा इंडोनेशिया सगळ्यांना कळते. वडीलधाऱ्यांशी बोलताना जावानीजमधली ‘क्रामा’ ही आदराची बोली वापरतात आणि तिच्यात आपल्या ओळखीचे शब्द भेटतात: घराला ग्रिया, पाण्याला तोया, हाताला अस्ता, मुलाला पुत्रा. लोकांच्या पुढून जाताना किंचित वाकून ‘नुवुन सेवु’, आभाराला ‘मातुर नुवुन’, होकाराला ‘इंग्गिह’. एवढं आलं तरी चेहरे खुलतात. दाखवायचं असेल तर उजव्या हाताच्या अंगठ्याने, बोट रोखून नाही. दारावरून जाताना ‘माम्पिर’, म्हणजे डोकावून जा, असं सगळेच म्हणतात. ते आपल्या ‘या कधीतरी’सारखंच आहे. लगेच आत शिरू नये.

घरात वीज प्रीपेड असते. वीस आकडी टोकन मीटरवर टाइप करायचं, शिल्लक संपत आली की मीटर पिकपिक करतो. टोकन टपरीवर किंवा ॲपवर मिळतं, त्यासाठी मीटरचा क्रमांक पहिल्याच दिवशी लिहून घ्या. खरी अडचण जोडणीच्या क्षमतेची. गावातली घरं ४५० किंवा ९०० व्हीएची असतात, म्हणजे अनुक्रमे सुमारे दोन आणि चार अँपिअर. भाताचा कुकर, विहिरीचा पंप आणि इस्त्री एकदम लावली की अंधार. भारतातून नेलेली दीड हजार वॅटची किटली या घरात चालणारच नाही. सॉकेट दोन गोल पिनांचं. आपला मोबाइल चार्जर बसतो, तीन पिनांचा लॅपटॉपचा प्लग बसत नाही.

पाणी विहिरीचं किंवा झऱ्याचं. न्हाणीत टाकी आणि मग असतो. टाकीत उतरायचं नाही, पाणी अंगावर घ्यायचं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. सांगायचं ते दुसरंच: टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासायला हवी, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. मेनोरेहच्या डोंगरात मलेरियाचाही जुना इतिहास आहे. मच्छरदाणी न्या आणि तापावर घरगुती उपचार करत बसू नका. पिण्यासाठी १९ लिटरचा जार घ्यावा. गॅसची ३ किलोची हिरवी टाकी अनुदानाची, गरीब घरांसाठी आहे. पाहुण्याने साडेपाच किलोची गुलाबी घ्यावी.

शाकाहाऱ्यांचं निभतं, पण ‘शाकाहारी’ या शब्दाने निभत नाही. भाजीत कोंबडीचा रस्सा चालतो असंच धरलं जातं आणि सांबालमध्ये ‘तेरासी’, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, असतोच. मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, तेरासी अशी एकेक वस्तू मोजून ‘तान्पा’, म्हणजे ‘शिवाय’, लावून सांगा. तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), तोफू, लोतेक (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या), लोदेह (नारळाच्या दुधातली भाजी) आणि भात यांवर दिवस आरामात जातात. लोतेकची शेंगदाण्याची चटणी समोर वाटतात, तेव्हाच तेरासी घालतात का ते बघून घ्यावं. कुलोन प्रोगोचा गेब्लेक म्हणजे तळलेली, लसूण घातलेली कसावाच्या पिठाची कडी. ती गरमच खावी, थंड झाली की रबर. चहा ‘नास्गितेल’ येतो: गरम, गोड आणि दाट. बिनसाखरेचा हवा असेल तर उकळण्याआधी सांगावं, कप समोर आल्यावर नाही.

कोकापमध्ये बघण्यासारखी गोष्ट नारळाच्या गुळाची. माडावर दिवसातून दोनदा चढून पोयीतून रस काढतात. रस आंबू नये म्हणून भांड्यात आधीच चुना आणि मंगोस्तीन या फळाची साल यांचं मिश्रण घालतात. मग तो तासन्‌तास आटवून करवंटीत ओततात किंवा घोटून दाणेदार साखर करतात. चूल बघायची असेल तर रस उतरवल्यानंतर सकाळीच जावं. गुळ तिथेच विकत घ्यावा आणि भावात घासाघीस करू नये. माडावरून पडून माणसं जायबंदी होतात, तो सगळा धोका त्या भावात आहे. गिरिमुल्योतल्या जातिमुल्यो गावाने २०१४ मध्ये ठराव करून पक्ष्यांची शिकार बंद केली. तिथे दुर्बीण न्यावी.

आठवडा दोन प्रकारे मोजतात. सात दिवसांचा एक आणि लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन असा पाच दिवसांचा दुसरा. गावचे बाजार पाचाच्या हिशेबाने भरतात, त्यामुळे ‘दर मंगळवारी’ असं काही सापडत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेखाली बारीक अक्षरात तो दिवस छापलेला असतो. बाजार पहाटे भरतो, नऊ वाजता विरळ होतो. ईदच्या आधी आणि नंतर आठवडाभर या भागात येऊच नये. शहरं गावाकडे धावतात आणि रेल्वेची तिकिटं आधीच संपलेली असतात.

महिनाभर राहणाऱ्याला गावाचा हिशेबही पाळावा लागतो. दारापाशी टांगलेला छोटा डबा ‘जिम्पितान’चा. रात्री गस्तवाले फिरतात आणि त्यातले पाचशे-हजार रुपिया किंवा चिमूटभर तांदूळ गोळा करतात. रविवारच्या श्रमदानाला खराटा घेऊन तासभर हजर राहावं, बदल्यात पैसे देऊ नयेत. लग्नाला पाकिटात पन्नास हजार रुपिया पुरतात. मशिदीच्या कर्ण्यावरून मृत्यूची वार्ता आली की सगळं गाव जातं. तुम्हीही जा, नाव माहीत नसलं तरी.

आता जमीन. चार दिवसांत कोणी ना कोणी ‘घेऊन टाका, स्वस्त आहे’ म्हणतंच. १९६० च्या भूमी कायद्याने पूर्ण मालकी, ‘हाक मिलिक’, फक्त इंडोनेशियन नागरिकाला आहे. योग्यकर्ता प्रांतात तर १९७५ च्या आदेशामुळे चिनी वंशाच्या इंडोनेशियन नागरिकांनाही ती मिळत नाही. परदेशी माणसाला ‘हाक पाकाइ’ हा वापरहक्क मिळू शकतो, ३० अधिक २० अधिक ३० वर्षांचा. पण त्याला इमिग्रेशनची वैध कागदपत्रं लागतात, आणि सरकारने ठरवलेल्या किमान किमतीमुळे गावातलं साधं घर त्यात बसतच नाही. मग ‘गावातल्या मित्राच्या नावावर घेऊ’ ही युक्ती पुढे येते. ती सरळ बेकायदा आहे. असा व्यवहार रद्द ठरून जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. इंडोनेशियन व्यक्तीशी लग्न झालेल्यांनी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केलेला नसेल, तर जोडीदाराचा मालकी हक्कही अडचणीत येतो.

स्थानिक नातेवाइकासाठी कोणी घेत असेल तर सातबारा बघणाऱ्या डोळ्यांनीच कागद बघावेत. ‘सर्तिफिकात’, म्हणजे सरकारी मालकीपत्र, आहे की नुसता गावच्या वहीतला ‘लेटर सी’ उतारा? २ फेब्रुवारी २०२६ पासून जुने उतारे मालकीचा पुरावा धरले जात नाहीत. विकणाऱ्याच्या आजोबांचं नाव अजून तसंच असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतील, त्यातला एक सुमात्रात आणि एक मलेशियात असतो. जमीन ‘बेंगकोक’, म्हणजे गावकामगाराला पगाराऐवजी दिलेली, किंवा गावनिधीची असेल तर ती विकताच येत नाही. काही जमीन योग्यकर्ताच्या सुलतानाची असते. भातखाचर संरक्षित असेल तर घर बांधता येत नाही. शेतजमिनीचा मालक त्याच किंवा लगतच्या तालुक्यात राहणारा हवा, ही अटही आहे.

बाहेरच्याने भाड्यानेच राहावं. वर्षाचं भाडं एकरकमी आगाऊ द्यायची रीत आहे. करारावर १०,००० रुपियाचा मुद्रांक, नवरा-बायको दोघांच्या सह्या, साक्षीदार म्हणून पाक एर्ते आणि छप्पर गळलं तर खर्च कोणाचा याची एक ओळ. जुन्या लाकडी जोग्लो घराचा सांगाडा मात्र जमिनीवेगळा विकत मिळतो. खांब दगडी उंपाकवर, म्हणजे बैठकीवर, नुसते टेकलेले असतात, म्हणून तो सोडवून हलवता येतो. घेण्यापूर्वी चारही मुख्य खांबांचे तळ वाळवीसाठी टोकरून बघा. सोडवताना प्रत्येक सांध्यावर क्रमांक घालून घ्या, नाहीतर पुन्हा जोडताना सुतार नवीन लाकूड मागतो. लांब वासे घेऊन ट्रक वरच्या वळणांवर वळत नाही, शेवटचा टप्पा पिकअपचा धरावा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पाक एर्तेकडे ‘पामित’, म्हणजे निरोप, सांगायला जायचं असतं. वीज-पाण्याचा आणि जिम्पितानचा हिशेब त्याआधी चुकता करा. चहा येणारच, आणि तो गोडच येणार. हाताशी तासभर ठेवून जावं.