बागेतले पक्षी: दाणे नकोत, पाणी ठेवा

बागेत पक्षी यावेत असं वाटलं की बहुतेकांचा हात आधी तांदळाच्या डब्याकडे जातो. दाणे टाकले की पक्षी येतात हे खरं, पण येतात ती कबुतरं. त्यांचा थवा जमला की चिमण्या-मनोल्यांना जागा उरत नाही आणि कठड्यावर विष्ठेचे थर चढतात. कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीने काहींना फुप्फुसाचा गंभीर आजार होतो. 2025 मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद न्यायालयात गेला, तोही याच मुद्द्यावरून. फरसाण, पाव, मिठाचा भात हे तर कोणत्याच पक्ष्याला घालू नये.

शिवाय बागेतले देखणे पक्षी दाणे खातच नाहीत. दयाळ, नाचण, शिंपी, वटवट्या हे किडे टिपणारे. शिंजीर फुलांतल्या मधावर आणि कोळ्यांवर जगतो, बुलबुल फळांवर आणि किड्यांवर. चिमणी धान्य खाते, पण पिल्लांना अळ्या भरवते. या सगळ्यांना एकाच जागी आणायचं तर पाणी ठेवावं.

भांडं म्हणून मातीच्या परळाला तोड नाही. व्यास 30 ते 40 सेंटिमीटर, खोली फार तर 5. कडेला पाणी एक-दोन सेंटिमीटर असावं आणि मध्ये चार-पाच. परळ सपाट तळाचा असेल तर एका बाजूला चपटा, खरबरीत दगड ठेवावा, म्हणजे लहान पक्ष्याला उतरायला उथळ जागा मिळते. स्टीलच्या किंवा प्लॅस्टिकच्या गुळगुळीत भांड्यात पाय घसरतात, म्हणून पक्षी काठावरून पाणी पिऊन निघून जातो, अंघोळीला उतरत नाही. एप्रिलच्या उन्हात स्टीलमधलं पाणी चटके बसण्याइतकं तापतं. बादलीसारखं खोल भांडं तर नकोच, त्यात पिल्लं बुडतात.

जागा सावलीतली, पण झुडपाला खेटून नको. झुडपात मांजर दबा धरून बसतं. परळ छातीच्या उंचीच्या स्टँडवर, दाट झुडपापासून दोनेक मीटर दूर ठेवावा आणि वर किंवा बाजूला एखादी मोकळी फांदी असावी. ओला पक्षी नीट उडू शकत नाही. त्याला पिसं झाडायला, साफ करायला जवळची फांदी लागते. घराला मोठ्या काचा असतील तर परळ काचेपासून एक मीटरच्या आत ठेवा, नाहीतर दहा मीटर लांब. मधलं अंतर सगळ्यात वाईट, कारण दचकून उडालेला पक्षी काचेवर आदळेपर्यंत पुरेसा वेग घेतो.

पाणी रोज बदलायचं. नुसतं ओतून देऊन भागत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओल्या कडेला. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून काथ्याने आतली कड खसखसून घासायची. साबण नको, तो मातीत मुरतो. दोन परळ असले तर सोपं जातं: एक वापरात, दुसरा उन्हात वाळत. शेवाळही त्यानेच आटोक्यात राहतं.

कावळ्यांचा मात्र वेगळा बंदोबस्त करावा लागतो. कडक पोळी, हाडं, कधी मेलेल्या उंदराचा तुकडा आणून ते पाण्यात भिजवतात आणि तासाभरात पाण्याला वास मारू लागतो. त्यांच्यासाठी गच्चीवर वेगळी कुंडी ठेवणं हा त्यातल्या त्यात चालणारा उपाय.

परळ ठेवूनही पक्षी येत नसतील तर पाणी हलतं करा. टपटपणारं पाणी त्यांना दुरून कळतं. औषधाच्या दुकानातून नवा सलाईन सेट आणा. वापरलेला मुळीच नको, तो जैववैद्यकीय कचरा. दोन लिटरची बाटली उलटी टांगून तिच्या झाकणात नळी घट्ट बसवा आणि नळीवरच्या चाकाने थेंब सेकंदाला एक असा लावा. साधारण 20 थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे तासाला 180 मिलिलिटर. सकाळी भरलेली बाटली संध्याकाळपर्यंत पुरते. थोड्या वेळात थेंब थांबला तर बहुधा बाटलीच्या वर आलेल्या बुडाला भोक पाडायचं राहिलेलं असतं. हवा आत शिरली नाही की पाणी खाली उतरत नाही. बाटलीवर जुनं फडकं गुंडाळावं, नाहीतर उजेडाने शेवाळ धरतं आणि नळी तुंबते.

शिंजीर आणि चष्मेवाला परळात क्वचितच उतरतात. त्यांना ओल्या पानांवर घासून अंघोळ करायला आवडतं. संध्याकाळी झारीने जास्वंदीच्या किंवा कढीपत्त्याच्या पानांवर पाणी शिंपडलं की तेवढ्यासाठी ते येतात. हमेलियाचं झुडूप लावलं तर शिंजीर दिवसभर तिथेच, कढीपत्त्याची पिकली फळं बुलबुल आणि कोकिळा संपवतात. कोळ्यांची सगळी जाळी झाडून टाकू नका. शिंजीर घरटं विणतो ते त्याच धाग्यांनी.

आता बघण्याचं. दुर्बीण 8×32 किंवा 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 32 किंवा 42 मिलिमीटरचं) पुरे. दहापटीच्या दुर्बिणीत हाताचा कंप जास्त जाणवतो. बागेसाठी महत्त्वाचं म्हणजे ती किती जवळचं दाखवते: दोन मीटरवरचं स्पष्ट दिसलं पाहिजे, हे दुकानातच तपासा. ओळखताना घोळ होतो तो शिंजिराच्या माद्यांचा. गळा राखाडी-पांढरा आणि पोट पिवळं असेल तर जांभळ्या पाठीच्या शिंजिराची मादी, गळ्यापासून खाली सगळंच फिकट पिवळं असेल तर जांभळ्या शिंजिराची. त्याच पिवळ्यावर गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा दिसला तर ती मादी नव्हे. विणीनंतर पिसं बदललेला जांभळ्या शिंजिराचा नर आहे तो. बुलबुलात शेंडी टोकदार असली की शिपाई बुलबुल. लालबुड्या उडाला की कमरेचा पांढरा ठिपका चमकतो. बुड दोघांचंही लाल असतं, त्यामुळे त्यावर भरवसा नको.

नोंद ठेवायची तर रोज एकाच वेळी पंधरा मिनिटं बसा आणि आलेले सगळे पक्षी मोजा, फक्त नवे नव्हेत. फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या जगभरच्या पक्षीगणनेसाठीही कमीत कमी पंधरा मिनिटांचीच यादी लागते आणि ती ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरता येते.

पावसाळ्यात पक्ष्यांना पाण्याची कमतरता नसते, त्यामुळे जूनमध्ये परळ पालथा घालून ठेवला तरी चालतो. ऑक्टोबरच्या उन्हात तो पुन्हा मांडावा. त्याच सुमारास शेपूट थरथरवणारा थिरथिरा उत्तरेकडून यायला लागतो आणि मार्चपर्यंत राहतो.