टायमिंग आधी, कार्बोरेटर मग

प्रीमियर पद्मिनी म्हटलं की लोक एकदम हळवे होतात. २०२३ च्या ऑक्टोबर अखेर मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली तेव्हा तर आयुष्यभर तिच्यात बसताना नाक मुरडणाऱ्यांनीही स्टेटस ठेवले. मला काही तेवढं हळवं होता येत नाही, कारण आमच्या दारात ती अजून उभी आहे. पावसात रुसते, मे महिन्यात सिग्नलला पेट्रोलची वाफ होऊन बंद पडते, आणि पार्किंग करताना स्टिअरिंग फिरवून दंड भरून येतात ते वेगळंच. पण एका गोष्टीसाठी तिचं सगळं माफ आहे, ते म्हणजे ट्युनिंग, म्हणजे इंजिनाची ठिणगी आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण आपल्या हाताने जुळवणं.

आता ट्युनिंग म्हटलं की माणूस बॉनेट उघडतो आणि पहिला हात घालतो कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भांड्याला. घालणारच, कारण स्क्रू बाहेरून दिसतात, फिरवले की आवाज लगेच बदलतो आणि आपण काहीतरी केलं असं वाटतं. आमचे मिस्त्रीकाका यावर भयंकर चिडतात. "आधी करंट बघ रे, पेट्रोल कुठं पळून जात नाही," हे त्यांचं कायमचं, करंट म्हणजे ठिणगी. आणि ते खरंय. गाडी मिसिंग करते, पिकअप घेत नाही, ॲव्हरेज पडलं, असं म्हणत लोक सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर खोलून पॉलिथिनवर मांडून बसतात आणि दुखणं असतं प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली, करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या जळक्या पॉइंटमध्ये नाहीतर मरायला टेकलेल्या कंडेन्सरमध्ये.

पेट्रोल सिलिंडरमध्ये बॉम्बसारखं फुटतं असा आपला समज असतो, तसं नसतं, ते जळतं आणि जळायला वेळ घेतं. धरून चाला दोन मिलिसेकंद. एवढ्याशा वेळाचं काय कौतुक असं वाटेल, पण इंजिन ३००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल तर पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकचा एक अख्खा फेरा २० मिलिसेकंदात होतो, म्हणजे त्या दोन मिलिसेकंदात क्रँक ३६ अंश फिरून मोकळा. ठिणगी पिस्टन वर पोचल्यावर टाकली तर पिस्टन खाली निघून जाणार आणि आग त्याच्या मागे धावणार. म्हणून आधी टाकायची. किती आधी, तर स्पीड जेवढा जास्त तेवढी जास्त आधी. आणि हे सगळं गणित पद्मिनीत करतं कोण, तर डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा, वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात आणि टायमिंग पुढे सरकतं, म्हणजे ठिणगी अजून आधी पडते. जोडीला एक व्हॅक्यूमचा पडदा, बस्स. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात, म्हणजे तो बिचारा पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतो, मिटतो. जळणार नाही तर काय.

तर आधी पॉइंट. पॉलिश पेपरने हलकेच घासायचा, मग फिलर गेज, म्हणजे मापाची पातळ पट्टी, घालून गॅप लावायची, साधारण ०.४ मिलिमीटर. गेज नसेल तर लोक व्हिजिटिंग कार्ड घालतात, चालतं, पण कार्ड कोणाचं जाड आहे त्यावर गाडीचं नशीब ठरतं. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे टायमिंगही आपोआप पुढे जातं, त्यामुळे गॅप आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम उलटा केला की सगळं पुन्हा करा.

टायमिंग लावायचा खरा कार्यक्रम मला फार आवडतो. गाडी चौथ्या गिअरला टाकून एकाने मागून इंच-इंच ढकलायची आणि दुसऱ्याने पुलीवरची खूण बघत "अजून, अजून, थांब, थांब म्हणलं ना!" असं ओरडायचं. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहे ना हे डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या रोटरच्या तोंडावरून बघायचं. मग एक साधा बारा व्होल्टचा बल्ब, एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बारीक टर्मिनलला, दुसरी बॉडीला अर्थ, आणि किल्ली ऑन. पॉइंट मिटलेला असतो तोवर बल्ब बंद. डिस्ट्रिब्युटरचा क्लँप किंचित सैल करून त्याची मान अगदी केसभर फिरवायची आणि बल्ब पेटला रे पेटला की हात जागच्या जागी थिजवायचा, दुसऱ्या हाताने पाना. तो क्लँप आवळताना डिस्ट्रिब्युटर परत इतकासा हलतोच, मग पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतर कुठे कार्बोरेटरची पाळी. इंजिन चांगलं गरम झालेलं हवं, चोक पूर्ण आत. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकवून दीडएक फेरे बाहेर आणायचा, इंजिन चालू करायचं आणि मग नुसतं ऐकायचं. आत घेतला की पेट्रोल कमी, इंजिन अडखळतं. जास्त बाहेर काढला की जड चालतं, सायलेन्सरमधून भक-भक होते आणि डोळे चुरचुरतात. मधे एक जागा अशी येते की आवाज एकदम मोकळा होतो आणि रेस आपोआप चढते, तिथे सोडायचं, मग आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीच्या रेसचा, स्क्रू कमी करून रेस उतरवायची. प्लग काढून बघायचे, बिस्किट कलर आला तर पास.

पण खरी परीक्षा चढावरच. तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक आवाज, म्हणजे ठोके, क्षणभर यावा आणि जावा. आलाच नाही तर टायमिंग मागे आहे, थांबलाच नाही तर पुढे आहे. पुस्तकातला आकडा असतो, तो कुठून सुरुवात करायची तेवढं सांगतो, पुढचं तुमच्या गाडीवर. पुण्यात घड्याळासारखी लावलेली गाडी महाबळेश्वरला नेली की तिथली हवा सात-आठ टक्के विरळ, कार्बोरेटर मात्र पेट्रोल त्या मानाने जास्तच देतो, गाडी जड चालते. टॅक्सीवाल्यांची गंमत अजून वेगळी होती, सीएनजी सावकाश जळतो म्हणून त्याला टायमिंग पुढे लागतं आणि तेच टायमिंग पेट्रोलवर ठोके मारतं, त्यामुळे जो तो आपापल्या धंद्याप्रमाणे मधली कुठलीतरी जागा पकडायचा. मला याचमुळे हे काम आवडतं, यात बरोबर उत्तर नाहीये.

आता नवं लफडं ई-२० चं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे साध्या पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा पुरते तिथे याला साडेतेराच्या आसपासच लागते. नव्या गाडीचा सेन्सर हे बघून आपोआप पेट्रोल वाढवतो. आमच्या सोलेक्सला बातमीच नाही, त्याचं भोक तेवढंच, गाडी सुकी चालणार, म्हणजे पेट्रोल कमी पडणार. ऑक्टेन, म्हणजे ठोके टाळायची ताकद, वाढलाय म्हणून टायमिंग थोडं पुढे सरकवता येतं, ही त्यातल्या त्यात मजा, पण पंपाचे पडदे आणि रबरी पाइप फुगतात ती डोकेदुखी वेगळी. मिक्श्चर स्क्रूने आयडल सुधारतं, वरच्या स्पीडचं काय? तिथे मेन जेटच, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा तुकडाच, बदलावा लागतो. जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. म्हणून सध्या नाना पेठेत पाच नंबरने मोठा जेट शोधतोय. तिथला एक दुकानदार डबा पुढे सरकवून म्हणाला, "घ्या की, पण नंबरावर जाऊ नका, भोक बघून घ्या, अर्धे जेट मिस्त्री लोकांनी आधीच सुईनं मोठे करून ठेवलेत."