आमची वाटचाल : आधी शाफ्ट मोजून दाखव

प्लेसमेंटच्या धंद्याला भांडवल लागत नाही, असं लोक म्हणतात. टेबल, फोन आणि नोकरी डॉट कॉमचं लॉगिन, झालं. म्हणूनच भोसरीत जिन्याजिन्यावर कन्सल्टन्सीच्या पाट्या दिसतात. आमची पाटी २००४ पासून आहे. कंपनीकडे मुलगा पाठवण्याआधी आम्ही स्वतः त्याची मुलाखत घेतो. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

सुरुवातीला मी आणि काका, दोघंच. काका आकुर्डीच्या एका मोठ्या कारखान्याच्या पर्सोनेल खात्यातून रिटायर झालेले. त्यांनी आखून दिलेलं रजिस्टर आम्ही आजही वापरतो: नाव, ट्रेड, मशीन, कंट्रोलर (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) फानुक की सीमेन्स, हातात पगार किती, नोटीस किती. शेवटचा रकाना, ‘का सोडतोय?’ मुलगा ‘पगार’ म्हणाला की काका पेन खाली ठेवायचे. “ते सगळेच सांगतात रे. झालं काय ते सांग.” मग बाहेर यायचं, सुपरवायझरशी वाजलंय, नाइट झेपत नाही, नाहीतर गावाकडे वडील अंथरुणावर आहेत.

दुसरं हत्यार म्हणजे शाफ्ट. आमचे सगळ्यात जुने कस्टमर, जॉबवर्कवाले दादा, यांनी तो रिजेक्शनच्या पेटीतून काढून दिला. ग्राइंड केलेल्या टोकाला ड्रॉइंगप्रमाणे डाया २५ मिमी, टॉलरन्स वजा ०.०१ ते वजा ०.०२, म्हणजे २४.९८ ते २४.९९ एवढंच चालतं. आम्ही टेबलावर फक्त व्हर्नियर ठेवतो. मुलगा जबडे लावतो, डोळे बारीक करतो, “२४.९८, ओके” म्हणतो. पीस आहे २४.९७ चा, म्हणून तर पेटीत गेला. व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२, म्हणजे त्याहून बारीक मोजताच येत नाही, त्यावर हा फरक कळायचाच नाही. “मॅडम, मायक्रोमीटर द्या” म्हणणाऱ्याचा बायोडेटा त्याच संध्याकाळी जातो.

२००८ ची मंदी सगळ्यांनाच लागली, आम्हालाही लागली. नंतरची वर्षं बरी गेली.

२०१६ मध्ये आमचाच एक रिक्रूटर नोकरी सोडून गेला. लग्नानंतर नाशिकला जातोय म्हणाला, आम्ही पेढे वाटले. दोन महिन्यांत आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर त्याची पाटी लागली. आमचा सगळा डेटा पेन ड्राइव्हवर गेला होता. आमचा दर वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार. त्याने ५ टक्के लावला. मुलाला फोनसुद्धा न करता बायोडेटा फॉरवर्ड करायचा. आम्ही मुलाला बोलावून, मोजायला लावून, रजिस्टर भरून मेल करेपर्यंत एचआर सांगणार, “मॅडम, हा कँडिडेट आधीच आलाय.” ज्याचा मेल आधी, त्याची फी!

त्याच्यावर कडी म्हणजे, आमच्या मुलाची ९० दिवसांची रिप्लेसमेंट गॅरंटी (तेवढ्यात सोडून गेला तर बदली मुलगा आम्ही द्यायचा) संपली की ९१ व्या दिवशी हा त्याला फोन करून दुसरीकडे लावायचा. कंपनी आमच्यावर चिडायची, दुसरी फी त्याच्या खिशात. हे सगळे करतात, असं मला एका जणाने समजावलं. आम्ही नाही करत.

त्यात २०१७ च्या जुलैत जीएसटी आला. १८ टक्के, आणि बिल काढलं की भरायचाच, पैसे येवोत न येवोत. एका मोठ्या कंपनीत आम्ही व्हीएमसी सेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन कामाला लावून देणारे, लावले होते. जॉइनिंग झालं, मुलं टिकली, आणि अकाउंट्सवाले म्हणाले, हे बायोडेटा आमच्या डेटाबेसमध्ये पूर्वीच होते. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्या म्हणणारा २००६ चा कायदा आहे. त्याची प्रत मी त्यांना पाठवली, पोच आली. टॅक्स मी एफडी मोडून भरला. दोन मुलींना कामावरून कमी करावं लागलं. त्या वर्षी काकांनी मानधन घेतलं नाही आणि मला तसं सांगितलंही नाही, चेक नुसते ड्रॉवरमध्ये ठेवून दिले.

तेव्हा दादांचा फोन आला. “ताई, तुमचा खालचा आला होता. पाच टक्के म्हणतो. मी म्हटलं, आधी शाफ्ट मोजून दाखव.” दादांनी सेटर आमच्याकडूनच घेतले, फी पूर्ण दिली, वर शेजारच्या दोन शेडवाल्यांना आमचा नंबर दिला. त्यावर आम्ही तगलो.

आता पोरांनो, एजन्सीतून मुलाखतीला जाता तेव्हा ऐका. एकाच जागेसाठी दोन एजन्सींना बायोडेटा देऊ नका. वाद आमचा होतो, कॉल तुमचा जातो. चालू पगार फुगवून सांगू नका, सॅलरी स्लिप मागतातच. नोटीस ६० दिवसांची असेल तर ६० च सांगा. ‘रजिस्ट्रेशन’च्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर उठून या. आमची फी कंपनी देते, तुम्ही नाही. आणि मोजता येत नसेल तर नाही म्हणा, आम्ही शिकवतो.

खालचा हल्ली चाकणला गेलाय. चांगलं चाललंय म्हणे. त्या मोठ्या कंपनीचं बिल अजून थकलेलंच आहे, आणि मागच्या आठवड्यात तिथल्या नव्या एचआर मॅडमचा मेल आला: दोन व्हीएमसी सेटर, तातडीने. मी जुन्या बिलाची कॉपी जोडून अॅडव्हान्स मागितला आहे.