सुदासरीच्या गवतात माळढोक शोधताना

माझे बालपण सोलापुरात गेले, नान्नजचे माळढोक अभयारण्य घरापासून जेमतेम २० किलोमीटरवर होते, तरीही मी माळढोक हा पक्षी कधी पाहिला नव्हता आणि पाहायचे मनावर घेतले तोवर तिथे तो दिसणे जवळपास थांबले होते. म्हणून तो अजून जिथे दिसतो त्या राजस्थानातले जैसलमेर गेल्या जानेवारीत गाठले.

पहिला दिवस फुकट गेला. जिथे उतरलो होतो तिथल्या व्यवस्थापकाने परवानगीची गरज नसल्याचे छातीठोकपणे सांगितले आणि मी त्यावर विसंबून थेट मरू राष्ट्रीय उद्यानातल्या (डेझर्ट नॅशनल पार्क) सुदासरीच्या चौकीपर्यंत गेलो, तर तिथून परत पाठवण्यात आले. दुसऱ्या दिवशी जैसलमेरमधल्या वन कार्यालयात ओळखपत्राची प्रत, गाडीचा क्रमांक आणि चालकाचे नाव देऊन, शुल्क भरून परवाना घेतला. काम तासाभराचेच होते, पण तोवर पक्षी पाहण्याची सकाळ टळून गेली होती, म्हणून प्रत्यक्ष प्रवेश तिसऱ्या दिवशी पहाटे केला.

जैसलमेर आणि बाडमेर या जिल्ह्यांत पसरलेले हे उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचे असून त्यात अनेक गावे आणि ढाण्या (विखुरलेल्या छोट्या वस्त्या) आहेत. सम या गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या पाहून परतणाऱ्याला हेच वाळवंट वाटते. पण उद्यानाचा बराचसा भाग खडकाळ, मुरमाड माळ आणि सेवण गवताची कुरणे असाच आहे. खेजडी (आपली शमी), केर आणि रुई सोडल्यास नजर अडवणारे काही नाही. चिंकारा सहज दिसले, एक वाळवंटी खोकड बिळाशी ऊन खात बसले होते. संध्याकाळी स्वतःच्या बिळाचे तोंड मातीने बंद करणारा सांडा (काटेरी शेपटीचा सरडा) मात्र थंडीमुळे बाहेर आलाच नाही.

माळढोक शोधण्याची माझी पद्धत चुकीची होती. मीटरभर उंचीचा, १५ किलोपर्यंत वजनाचा पक्षी लांबूनही उठून दिसेल, या समजुतीने मी दुर्बिणीतून सारखे क्षितिज चाळत होतो. चालकाने गाडी थांबवली, दुर्बीण खाली ठेवायला लावली आणि सुकलेल्या गवतात हलणारी पांढरी उभी रेघ तेवढी शोधायला सांगितले. सुमारे ४० मिनिटांनी ती रेघ दिसली. ती मान होती, वर काळी टोपी. मग तिच्यामागे आणखी दोन. राजस्थानात याला गोडावण म्हणतात आणि १९८१ पासून तो या राज्याचा राज्यपक्षी आहे. आम्ही गाडीतच बसून राहिलो. माळढोकाची मादी सहसा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. अशा पक्ष्याच्या जवळ जाण्याचा मोह न आवरणाऱ्यांविषयी मला अजिबात सहानुभूती नाही.

परतीच्या वाटेवर विजेच्या तारा पुन्हा सुरू झाल्या. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे उडताना चटकन वळता येत नाही, त्यामुळे तारांना धडकून माळढोक मरतात. सम येथे २०१९ पासून बंदिस्त जागेत प्रजननाचे काम चालू आहे, पण तिथली पिल्ले मोकळी सोडली तरी त्यांच्या वाट्याला विजेच्या तारांचे हेच आकाश येणार.

चौकीवर वहीत बाहेर पडण्याची वेळ लिहिताना पहारेकऱ्याने किती दिसले हे विचारलेच नाही. ते कोणत्या दिशेला चालले होते, एवढेच त्याने विचारले आणि पश्चिमेला, असे ऐकताच त्याने वही मिटली.