कॅल्शियमची डबी

"सुनेला वाटतं, हाडांसाठी आहे."

दांडिया बाजारातल्या एका काकूंनी आज कॅल्शियमच्या डबीतून कात्रीने कापलेली पट्टी काढली. नाव ओळखीचं होतं. नैराश्यासाठी मीही तीच गोळी घेत होते. (त्यांना विचारूनच लिहितेय.)

"दहा दिवस झाले गं, काही फरक नाही. बंद करू?"

"नका करू काकू. गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, कधी जास्तही. आपल्या मनाने सोडायची नाही, डॉक्टरांना विचारा." मलाही तिसऱ्या आठवड्यात कुठे नीट झोप लागली होती.

त्यांनी बराच वेळ माझा हात सोडला नाही. झाकण लावताना मात्र दोनदा दाराकडे पाहिलं.

बीपीची गोळी आपण ताटाशेजारी ठेवतो. हिलाच का दुसरीची डबी लागावी?